दोन वाजायच्या आत भरलेला तक्ता

पेण, ३ नोव्हेंबर २०२५

चि. शीतल,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तुझा फोटो मला दिसेनासा झालाय. याचा अर्थ काय ते परवा आपल्या आयसीयूतल्या किमयानं मला समजावून सांगितलं, तेही हसू दाबत. म्हटलं ठीक आहे, पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही. पाकीट चुलीत घालायचं असेल तर खुशाल घाल, पण आधी वाच.

काल रोह्याहून फोन आला होता. नव्या हॉस्पिटलच्या मेट्रन, समीक्षा मॅडम. म्हणाल्या, "शीतलचा आयसीयूसाठी अर्ज आलाय. मुलगी मला आवडली. पण तुमच्याकडच्या दाखल्यावर शेरा आहे, पेशंटकडे दुर्लक्ष केल्यामुळे सेवा समाप्त, असा. तुम्ही तिच्या इन्चार्ज होतात. तुमचं म्हणणं लेखी पाठवा. वीस तारखेपर्यंत वाट बघते, मग जागा दुसरीला द्यावी लागेल."

मी विचार करून कळवते म्हणाले.

ऐकते की तू हल्ली रोह्यात कुणा डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहितेस आणि नंबर पुकारतेस. अगं, व्हेंटिलेटरचा आवाज बदलला की पाठमोरी असतानाही ओळखणारी पोर तू! तुला मी घडवलीय. तीन वर्षं माझ्या हाताखाली होतीस, आणि पहिले सहा महिने तर सुई धरतानाही माझ्याकडे बघायचीस. 

तर माझा सल्ला ऐक. तू दोन ओळींचं माफीचं पत्र लिही. "त्या दिवशी माझं लक्ष कमी पडलं, पुन्हा असं होणार नाही." बस, एवढंच. त्याला मी माझं पत्र जोडते, की मुलगी कष्टाळू आहे, तिला संधी द्यावी. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या शब्दाला या भागात वजन आहे. तुझ्या त्या पेशंटनं, हैबतरावांनी, श्वासाची नळी उपसून काढली त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. ते वाचले, घरी गेले. मेंदूला प्राणवायू कमी पडल्यानं बोलताना अडखळतात आणि उजवा हात चालत नाही हे खरं, पण माणूस हयात आहे. लोक विसरतात गं. थोडं नमतं घेतलं तर काही बिघडत नाही.

इकडे सगळं तसंच आहे. आठ बेड, माणसं कमी. माझा मात्र भाव वधारलाय. आपला तो कामाचा तक्ता आता बाकीच्या हॉस्पिटलांनाही भरायचा आहे, आणि तो कसा भरायचा हे शिकवायला मला बोलावतात. परवा अलिबागला पन्नास नर्सेससमोर उभी राहिले. म्हटलं, मुलींनो, पेशंट मोजू नका, त्याचं काम मोजा. सक्शननं कफ काढणं, कूस बदलणं, औषधं, नातेवाइकांशी बोलणं, सगळ्याला गुण. एका पेशंटचे गुण म्हणजे एका नर्सचा किती वेळ तो खातो. शंभर गुण झाले की एक नर्स पुरी संपली. त्याच्या वर गेलं की दुसरी हवीच. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.

माफीपत्र लवकर पाठव. घोडं तिथंच अडलंय.

तुझी,
सुनीती सिस्टर


पेण, ९ नोव्हेंबर

चि. शीतल,

काल तुझी आई येऊन गेली. सकाळच्या गाडीनं रोह्याहून आल्या आणि सरळ आयसीयूच्या काचेपाशी उभ्या राहिल्या. माझं पत्र हातात, तेही उघडलेलं, म्हणजे वाचलंस. मी त्यांना कँटीनमध्ये नेलं, चहा मागवला. चहाला हात लावला नाही त्यांनी.

म्हणाल्या, "सिस्टरबाय, पोरगी माफी नाय मागायची."

म्हटलं, "पारीबाई, नोकरीचा प्रश्न आहे. दोन ओळींनी काय बिघडतंय?"

"बिगडत नाय बिगडत ते मला नाय कलत. मी अंगठाबहाद्दर. तिनं येकच इचारून ये म्हनून धाडलंय." मग त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं, "ती म्हनते, मी हाक मारली व्हती. ती तुमाला ऐकाय आली व्हती का नाय, येवढंच सांगा."

कँटीनमध्ये वडे तळत होते, माणसं ये-जा करत होती. मी म्हटलं, "त्या दिवशी फार गडबड होती हो."

तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. दुकानदार वजनात मारतोय हे दिसत असूनही बाई गप्प राहते ना, तशी. "बरं," म्हणाली, "गडबड व्हती म्हनून सांगतो तिला." आणि उठून गेली. गाडीला तीन तास होते, तरी थांबली नाही.

मला फार लागलं ते. आधी राग आला, म्हटलं, मी हिच्या पोरीसाठी शब्द टाकतेय आणि ही माझी परीक्षा घ्यायला येते! घरी येऊन यजमानांवर ओरडले, भाजीत मीठ दोनदा घातलं. मग आज रविवार असून हॉस्पिटलला गेले आणि रेकॉर्डरूममधून त्या दिवसाचे चार्ट काढले. १९ ऑगस्ट २०२४, दुपारची शिफ्ट. पाच, सहा आणि सात नंबरचे बेड, तिघंही तुझ्याकडे. पाचला हैबतराव, लेप्टोच्या तापानं फुप्फुसं भरलेली, व्हेंटिलेटरवर. सहालाही व्हेंटिलेटर. सातला ती पोटाचं ऑपरेशन झालेली बाई, जिचं बीपी सारखं घसरत होतं.

तुझं अक्षर बघितलं. दर अर्ध्या तासाची नोंद आहे. शेवटच्या दोन घाईत लिहिलेल्या, पण आहेत.

मी पुन्हा गुण दिले. अलिबागला शिकवते तस्से, एकेका नोंदीवर बोट ठेवून. पाचचे एकाहत्तर आले. सहाचे चौऱ्याऐंशी. सातचे सहासष्ट. दोनशे एकवीस, शीतल. दोन नर्सेस पुऱ्या आणि वर तिसरीचा थोडा वेळ. आणि तिथं तू एकटी होतीस.

चौकशीला बसलेल्यांनी जो तक्ता टेबलावर ठेवला त्यात तिन्ही बेडचे मिळून अठ्ठ्याण्णव होते, तुलाही तो वाचून दाखवला होता. "काम शंभराच्या आत होतं, म्हणजे माणसं पुरेशी होती, म्हणजे दोष नर्सचा," असं साधं गणित त्यांनी केलं. तेव्हा तू माझ्याकडे वळून पाहिलंस. तुला वाटलं असेल, हे अठ्ठ्याण्णव आले कुठून?

माझ्याकडून आले. तो तक्ता शिफ्ट संपल्यावर भरायचा असतो, झालेल्या कामाचा. पण ऑफिसला दुसऱ्या दिवशीची ड्युटी लावायला तो दोनच्या आत खाली लागतो. म्हणून मी तो शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच भरते. कालचा बघून आजचा. सगळ्याच इन्चार्ज असंच करतात, कुणाला विचार. त्या दिवशीही मी पावणेदोनला तो भरून खाली धाडला होता. सातची बाई तोवर ऑपरेशन थिएटरमधून वर आलीच नव्हती, तिच्या जागी मी आदल्या दिवशीचा पेशंट धरला.

हे मी चौकशीत सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पद्धतच तशी होती, मी मुद्दाम काही केलं नाही. पण सांगितलं नाही हे खरं.

माफीपत्राचं राहू दे सध्या.

सुनीती सिस्टर


पेण, १४ नोव्हेंबर

शीतल,

मंगळवारी मी एक वेडेपणा केला. इन्चार्जची खुर्ची सोडली आणि दुपारच्या शिफ्टला पाच, सहा, सात माझ्याकडे घेतले. पेशंट अर्थात वेगळे, पण वजन साधारण तेवढंच, दोघं व्हेंटिलेटरवर आणि एक नुकती ऑपरेशन झालेली बाई. किमयाला म्हटलं, "तू चार आणि आठ बघ, आणि जमेल तसं घड्याळ लावून माझं काम लिही." तिला वाटलं मला ताप आलाय.

पंचावन्न वर्षांचे गुडघे आहेत माझे. पाचचं सक्शन केलं, तोंड पुसलं, कूस बदलली. तेवढ्यात सहाच्या पंपातली औषधाची सिरिंज संपल्याचा आवाज. तिथं गेले तर सातची बाई म्हणते उलटी येतेय. लघवी मोजायची राहिली, नोंद राहिली. बाहेर काचेवर सहाचा भाऊ टकटक करतोय, त्याला दोन मिनिटं सांगावं लागलं, आणि त्याला सांगताना मी पाचकडे पाठ करून उभी होते. साडेचारला कळलं की दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नाही. आपण जे "होतं सगळं" म्हणतो ना, ते कसं होतं ते तेव्हा कळलं. काही तरी राहून जातं आणि आपलं नशीब म्हणून त्यानं काही बिघडत नाही, असं होतं ते.

पाच वाजता सातचं बीपी पडलं. माझे दोन्ही हात तिच्यात गुंतलेले. आणि पाचचा अलार्म. मी ओरडले, "किमया!"

ती आली. नुसती आली गं. हातातलं टाकून, चार सेकंदात. पाचची नळी वळली होती, ती सरळ केली, "झालं ताई," म्हणाली आणि गेली. एवढंच होतं ते.

मी तिथंच रडले. ग्लोव्हज घातलेले, डोळे पुसता येईनात.

आता ऐक. तू विचारलंस त्याचं उत्तर.

तू हाक मारलीस. मला ऐकू आली. पहिल्याच हाकेला ऐकू आली. "ताई, सातचं बीपी ऐंशीला आलंय, पाचजवळ कुणीतरी उभं करा," असे तुझे शब्द होते, मला आजही जसेच्या तसे येतात. मी टेबलापाशी होते. तुझ्यापासून बारा पावलांवर, आज मोजली मी ती. किमया हाकेच्या अंतरावर होती, तिचा आठचा पेशंट तर दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता. मला फक्त तिचं नाव घ्यायचं होतं.

घेतलं नाही. कारण माझ्यासमोर ते बाहेरून युनिटची तपासणी करायला आलेले तिघं उभे होते. तुला आठवत असतील, कोट घातलेले. त्यांच्या हातात माझाच तक्ता होता, आणि त्यातला एक मला विचारत होता, "सिस्टर, एवढ्या कमी माणसांत तुमचं युनिट इतकं छान कसं चालतं?" मी त्यांना सांगत होते, की सवय आहे हो आमच्या मुलींना, आम्ही मोजूनमापूनच काम देतो. तेवढ्यात तुझी हाक आली. तुला माणूस दिला असता तर माझा तक्ता खोटा ठरला असता, तिथल्या तिथं, त्यांच्या देखत. म्हणून मी तुझ्याकडे न बघता हात वर केला. थांब, असा. तू तो पाहिलास. मला ठाऊक आहे तू पाहिलास.

चार मिनिटांनी हैबतरावांनी नळी उपसली.

आणि तो तक्ताही नुसता घाईत भरलेला नव्हता. मागच्या पत्रात मी तसं लिहिलं, पण ते अर्धंच होतं. मी गुण कमी देतच आले, वर्षानुवर्षं. नातेवाइकांशी बोलण्याला शून्य. कूस बदलायला दोघी लागतात तिथं एकीचे गुण. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. मला आवडायचं गं, की सुनीती सिस्टरांच्या युनिटला जास्त माणसं लागत नाहीत. ऑफिसनं त्याबद्दल बक्षिसाची ढाल दिली होती, ती मी टेबलावर मांडली होती. जास्त माणसं मागणाऱ्या इन्चार्ज मला कामचुकार वाटायच्या. मी जन्मात कधी एकही जास्तीची नर्स मागितली नाही, आणि त्याचा मला ताठा होता.

चौकशीत हॉस्पिटलच्या साहेबांनी विचारलं, "शीतल म्हणते तिनं मदत मागितली होती. मागितली होती का?" मी म्हणाले, "मला आठवत नाही." तू समोरच बसली होतीस. तुझी ओढणी हातात चुरगळलेली. मग चौकशीला बसलेल्यांतला एक म्हणाला, "आदिवासी वाडीवरची मुलगी आहे, दडपणाखाली गडबडली असेल," आणि मी त्यावरही गप्प राहिले, पाण्याचा ग्लास उचलला. तू गडबडणाऱ्यातली नाहीस हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मला लाज वाटते, शीतल. सव्वा वर्ष मी स्वतःला सांगत होते की गडबड होती.

हे सगळं मी कागदावर लिहून काढलंय, तारीख-वारासकट. उद्या साहेबांना देते आणि समीक्षा मॅडमनाही एक प्रत पाठवते. यजमान म्हणाले, "तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला, नीट विचार कर." म्हटलं, विचार करूनच तर इथवर आलेय.

सुनीती


पेण, १९ नोव्हेंबर

शीतल,

काल तू आलीस, याबद्दल आधी आभार. बोलावणं ऑफिसकडून गेलं होतं, तरी तू येशील असं मला वाटलं नव्हतं.

आत जे झालं ते तू पाहिलंसच. तू यायच्या आधीचं सांगते. साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला. मग दार लावून म्हणाले, "सिस्टर, त्या मुलीचा शेरा आपण गुपचूप काढून टाकू. हा कागद कशाला? तुम्ही आमच्या सगळ्यांत जुन्या. तक्ता खोटा निघाला तर चार वर्षांचे सगळेच तक्ते खोटे." म्हटलं, "आहेतच ते खोटे. तिला बोलवा आणि तिच्यासमोर मला पुन्हा तोच प्रश्न विचारा." त्यांनी पेनचं टोपण लावलं. शेवटी, "तुमची मर्जी," म्हणाले.

 मी उत्तर तुझ्याकडे बघून द्यायचं ठरवलं होतं आणि तुझ्याकडे बघितल्यावर ते जड गेलं. तू केस कापलेस. बारीकही झालीस.

मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील. दोन शिव्या देशील, त्याही मी घेतल्या असत्या. तू सगळं ऐकून घेतलंस, सही केलीस, उठलीस. मी तुझ्यामागे जिन्यापर्यंत आले, तर वळून म्हणालीस, "मला काय सांगताय ताई? मला तर ठाऊकच होतं. हैबतरावांच्या घरी सांगा."

एवढंच बोललीस. मला ते रात्रभर पुरलं.

शेरा काढलेला नवा दाखला या पत्रासोबत आहे, जपून ठेव. समीक्षा मॅडमना मी काल संध्याकाळीच त्याची प्रत पाठवली. आज त्यांचा फोन आला, एक तारखेपासून तुला रुजू करून घेतायत. म्हणाल्या, तू मुलाखतीत त्यांनाच विचारलंस, "तुमच्याकडे एका नर्सला किती पेशंट, आणि ते ठरवतं कोण?" त्या हसत होत्या सांगताना. मला हसायला आलं नाही, पण अभिमान वाटला. वाटायचा मला काही हक्क नाही, तरी वाटला.

माझं म्हणशील, तर इन्चार्जपद काढलं. आजपासून मी बेडसाइडला. किमया तात्पुरती इन्चार्ज. पहिल्याच दिवशी तिनं दोनच्या आत तक्ता द्यायला नकार दिला. "काम झाल्यावर मोजीन," म्हणाली. ऑफिसचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी सलाईन लावत होते. म्हटलं, मला काय विचारता, इन्चार्ज त्या आहेत.

रविवारी रोह्याला जाते आहे. पत्ता चार्टवर होता.

सुनीती


रोहा स्टेशन, २३ नोव्हेंबर

शीतल,

गाडीला अजून तासभर आहे. फलाटावरच लिहिते आहे, घरी गेल्यावर धीर होईलसं वाटत नाही. अक्षर वाकडं येईल.

सकाळी हैबतरावांच्या घरी गेले. नदीच्या अंगाला, आंब्याच्या झाडाखालचं घर. अंगणात भात वाळत घातलेलं. ते ओटीवर बसले होते, डाव्या हातानं शर्टाचं बटण लावायचा खटाटोप चाललेला. त्यांच्या बायकोनं, शकूताईंनी, मला ओळखलं. "या सिस्टर," म्हणून पाट दिला, पाणी दिलं, गूळ दिला. तो गूळ हातात धरून मी सगळं सांगितलं. काही ठेवलं नाही. हाक, माझा वर केलेला हात, तक्ता, चौकशीतलं खोटं. त्या पोरीनं तुमच्याच माणसाजवळ कुणी उभं राहावं म्हणून हाक मारली होती, आणि मी ती पोचू दिली नाही, असं म्हटलं.

हैबतरावांना बोलायला वेळ लागतो. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "म्हंजे... त्या पोरीचा... काय नव्हता?"

म्हटलं, "नाही. माझा होता."

 ते मान फिरवून नदीकडे बघत बसले, पुन्हा काही माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला भोगायलाच हवं होतं.

शकूताई मात्र खांबाला धरून खाली बसल्या. रागावतील, हाकलतील, असं मी मनात धरलं होतं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी काय करून बसलेय ठाऊक हाय का तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. तू सांगितलंच नाहीस.

"गेल्या शिमग्याला ती बाजारात दिसली मला. आईसंगती व्हती. मी तिचा दंड धरला. चार मान्सांत बोल्ले, माज्या मान्साचा हात घालवलास, तुजा पन हात झडंल. तिची आई मधी पडली तं तिलाबी नाय नाय ते बोल्ले. जातीवरना बोल्ले." डोळ्यांना पदर लावला त्यांनी. "ती पोर काय बोल्ली नाय. नुसती हुबी ऱ्हायली, मी दमेपरेंत. आता ते कसं परत घेऊ मी?"

 मी हातातला गूळ पाटावर ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा धुवट लुगडं नेसलेल्या, पायात चपला. हैबतरावांना म्हणाल्या, "आलेच, भाताकडं कोंबड्या येऊ देऊ नका." आणि मला विचारलं, "कुठं ऱ्हाते ती आता?" मी पत्ता सांगितला. चुकलं असेल तर त्याचाही राग धर.

नाक्यापर्यंत आम्ही बरोबर चालत आलो. मी म्हटलं, "शकूताई, मी पण येते. मूळ चूक माझी, तुम्ही एकट्या कशाला?"

त्या रस्त्यात थांबल्या.

"नको," म्हणाल्या. "तुमी आल्यात तं तुमी बोलाल, मी बोलन, आनि तिला पुन्ना ऐकूनच घ्याया लागंल. आज तिला बोलू दे. मी ऐकन."

आणि गेल्या.

सुनीती